हिवाळा कसा गेला

बायानखोंगोरला पोचलो तेव्हा ओरेस्तेच्या बुटांवर
अजून बिएल्लाच्या दुकानातली चकाकी होती.
वाटेत चारदा त्याने विचारलं,
किलोला काय मागेल म्हातारी?
म्हटलं, आधी ती विचारेल हिवाळा कसा गेला.
तो हसला.
त्याच्या वहीत हिवाळ्याचा रकाना नव्हता.

गेरच्या पश्चिम बाजूला पाहुण्याची जागा.
दोल्गोरने तपकिरीची कुपी पुढे केली,
झाकण अर्धं सैल.
त्याने ती घेतली डाव्या हाताने.
कोणी काही बोललं नाही,
चुलीतली वाळकी गोवरी तेवढी तडकली.
मी खोकले.
त्याने हात बदलला.
या खोकल्याचे पैसे मी आजवर लावलेले नाहीत.

मग खारा चहा. मग दगडासारखं वाळवलेलं दही.
मग धाकट्या सुनेचं बाळंतपण, विहिरीचा पोहरा,
एक लंगडा लांडगा, शाळेची बंद पडलेली गाडी.
चाळीस मिनिटांनी ओरेस्ते माझ्या कानाशी:
ही बाई विषय टाळतेय का?
आणि दोल्गोर, चहा ओतता ओतता:
याला घरी कोणी नाही का गं?
बसल्यापासून नुसता घड्याळाकडे बघतोय.

दोन्ही वाक्यं मी तोंडात धरली
कढत घोटासारखी,
आणि गिळली.
त्याला सांगितलं, विचारतायत, घरी कोण कोण असतं?
तिला सांगितलं, म्हणतोय, सुनेला मुलगा झाला की मुलगी?
टाळूला तिथे अजून चट्टा आहे.

त्याने फोन काढला. आईचा फोटो.
तीस वर्षं गिरणीत, लोकर विंचरायच्या यंत्रावर.
उजव्या हाताची दोन बोटं यंत्राने नेलेली.
दोल्गोरने फोटो बोटांनी मोठा केला,
चेहरा नाही, हात.
बराच वेळ पाहिला.
मग उठून शेळ्या विंचरायची आपली फणी आणली
आणि त्याच्या मांडीवर ठेवली,
दाते झिजलेली, मूठ तेलकट काळी.

भाव ठरला तो बापजाद्यांच्या रीतीने.
तिने आपल्या डेलची लांब बाही पुढे केली, हात आत घाल म्हणाली.
आत बोटांनी बोटं चाचपली, दाबली, सोडली.
ओरेस्ते लाल झाला, मान हलवली, परत हात घातला.
तिसऱ्या खेपेला दोघंही हसले.
किती, ते मला कळलं नाही.
नऊ वर्षांच्या धंद्यात पहिल्यांदा
मी बाहेर जाऊन नुसत्या शेळ्या पाहत उभी राहिले.

त्यानंतर तिसऱ्या वर्षी झुद आला.
बर्फ वितळलं आणि रातोरात पुन्हा गोठलं,
गवत काचेखाली.
चारशेतल्या नव्वद उरल्या.
एप्रिलात ओरेस्तेचा फोन, मी मध्ये.
त्याने मला बोलूच दिलं नाही.
आमच्या भाषेत, दगड चावत असल्यासारखा, म्हणाला,
हिवाळा कसा गेला?

आमच्याकडे या प्रश्नाला एकच उत्तर असतं.
छान गेला, दोल्गोर म्हणाली.
पण मध्ये एक श्वास जास्त घेतला.

मी तोंड उघडलं.
थांब, तो इटालियनमध्ये म्हणाला, ऐकलं मी.
कितीतरी वेळ फोनवर फक्त वारा होता,
तिच्याकडचा की त्याच्याकडचा, सांगता येत नव्हतं.
मग म्हणाला, उचल नेहमीइतकीच पाठवतो,
लोकर होईल तेव्हा होईल.
आणि भावात पुढच्या वर्षी एक बोट कमी, तेही सांग.
व्यापारी होता तो. मी तेही सांगितलं.
दोल्गोर म्हणाली, अर्धं बोट.

फोन ठेवता ठेवता तिने विचारलं,
थंडीत त्याच्या आईचा हात ठणकतो का अजून?
नसलेली बोटंच जास्त ठणकतात म्हणावं,
मेंढीची चरबी लावायची, कोमट करून.

हे मात्र मी
शब्दाला शब्द लावून सांगितलं.